जळण वाळवून विका, पण आधी हिशेब मांडा

प्रश्न: मी कराड तालुक्यातला, वय २९. पाच वर्षांपासून झाडं छाटायची आणि धोक्याची झाडं उतरवायची कामं घेतो. दोन चेनसॉ, दोर, एक छोटा हत्ती आणि तीन माणसं एवढा पसारा आहे. पाडलेलं लाकूड बहुतेक मालक आम्हालाच न्यायला सांगतात. आजवर ते ओलंच वखारीला नाहीतर वीटभट्टीला टाकायचो, भाव किरकोळ मिळायचा. गेल्या वर्षी घरामागच्या जागेत लाकूड साठवलं आणि हायवेवरच्या दोन ढाब्यांना द्यायला सुरुवात केली. एकाने दुसऱ्याच खेपेला बंद केलं, म्हणाला धूर फार होतो. ओंडके सहा महिने ताडपत्रीखाली होते, तरी आतून ओले निघाले. लाकूड नीट वाळवायचं कसं? वजनावर विकावं का? कायद्याची अडचण येईल का? आणि लाकूड फोडायचं हायड्रॉलिक मशीन कर्ज काढून घ्यावं का? घरचे म्हणतात, या भानगडीत पडू नकोस.

उत्तर:

नमस्कार. ढाबेवाल्याच्या तक्रारीपासूनच सुरुवात करू. त्याने भावाबद्दल कुरकुर केली नाही, खेप उशिरा आली असंही म्हणाला नाही. धूर होतो म्हणाला. म्हणजे त्याला बिनधुराचं जळण हवं आहे आणि ते त्याला कुणी देत नाही. मी वखारीच्या घरात वाढले. भावापायी तुटलेली गिऱ्हाइकं तिथे पाहिली, पण ओल्या लाकडापायी तुटलेली जास्त पाहिली. म्हणून माझं मत स्पष्ट सांगते: तुम्ही हा धंदा करावा. मात्र वाळवणं म्हणजे लाकूड पडू देणं अशी समजूत असेल तर ती आधी काढून टाका.

सहा महिन्यांनीही ओंडके ओले का राहिले? झाडात पाणी चढतं ते उभ्या नळ्यांतून. झाड पडल्यावरही ते त्याच वाटेने, म्हणजे कापलेल्या तोंडांतून भराभर बाहेर पडतं. आडवं, सालीतून, ते जवळपास निघतच नाही, कारण पाणी राखायलाच झाडाने साल धरलेली असते. चार फुटी ओंडका न फोडता ठेवला, की दोन्ही टोकांचं वीतभर लाकूड वाळतं आणि मधलं तसंच राहतं. त्यावर तुमची ताडपत्री जमिनीपर्यंत. लाकडातून निघालेली वाफ तिच्या आत कोंडली, रात्री गार होऊन पुन्हा लाकडावरच बसली. पावसापासून तुम्ही लाकूड वाचवलंत, पण वाराही अडवलात. जळण वाळायला उन्हाइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, वाऱ्याचं काम असतं.

तेव्हा लाकूड आलं की आठवड्याच्या आत आधी मापाने कापा, लगेच फोडा आणि मग रचा. मापासाठी गिऱ्हाइकाच्या चुलीचं तोंड आणि खोली खरोखरच टेप लावून मोजून या. ढाब्याच्या चुलीला साधारण दीड फूट, आचाऱ्याच्या मोठ्या चुलाणाला दोन फूट, बंबाला सहा ते आठ इंच. फोडलेल्या तुकड्याची जाडी तीन-चार इंचांपुढे नको. मनगटाएवढ्या फांद्या न फोडता चालतात, पण एका बाजूची साल कोयत्याने तासून काढली तर त्याही लवकर सुकतात.

फोडायचं ते ओलं असतानाच. निलगिरीच्या लाकडाला पीळ असतो. ताजी असेल तेव्हा ती घणाच्या दोन घावांत उकलते, वाळली की पाचर अडकून बसते आणि माणूस दमतो. सुबाभूळ कधीही फुटते. बाभळीच्या सरळ खोडाला त्रास नाही, गाठीपाशी आहे. चिंचेच्या बुंध्याशी मात्र झटत बसू नका, त्याचे धागे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एका बुंध्यापायी दोन माणसांचा दिवस जातो. तो वीटभट्टीला तसाच देऊन टाका.

रचताना खालचा थर मातीला टेकता कामा नये. विटा, सिमेंटचे ठोकळे, जुनी पॅलेट, जे असेल त्यावर वीतभर उंच रचा. जमिनीतली ओल चढत नाही आणि वाळवी लागली तर चटकन दिसते. ओळ एकेरी ठेवा, दोन ओळींत माणूस जाईल एवढी वाट ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून ओळ दक्षिणोत्तर धरा. मग तुकड्यांची कापलेली तोंडं पूर्व-पश्चिम येतात, सकाळ-संध्याकाळचं ऊन आणि दिवसभराचा वारा थेट तोंडांवर बसतो. उंची छातीएवढी पुरे. टोकांना तुकडे आडवे-उभे रचून खांब करा म्हणजे ओळ कलंडत नाही. वरून फक्त पत्रा किंवा ताडपत्रीची पट्टी, दोन्हीकडे वीतभर बाहेर आलेली. बाजू उघड्या.

वळिवाच्या सरीने घाबरून जाऊन सगळं झाकू नका. वळीव लाकडाला वरून भिजवतो, ते पाणी दोन दिवसांच्या उन्हात निघून जातं. आतलं पाणी वेगळं आणि ते काढायला लागणारा वेळही वेगळा. जूनपासूनच्या झडीची गोष्ट निराळी. तेव्हा हवाच इतकी दमट असते की वाळलेलं लाकूडही हवेतली ओल परत ओढून घेतं. त्यासाठी मे संपायच्या आत तयार माल पक्क्या छपराखाली जायला हवा.

तुमच्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एकाच दिवशी फोडलेलं लाकूड दहिवडीकडे आणि पाटणच्या वरच्या अंगाला सारख्या वेळात वाळणार नाही. म्हणून कुणी छातीठोकपणे इतके महिने असं सांगितलं तर ते तुमच्या आवारात तपासून घ्या. माझा ढोबळ अंदाज असा, की फेब्रुवारीत फोडून वर सांगितल्याप्रमाणे रचलेली सुबाभूळ कराडच्या हवेत दोन महिन्यांत जळण्याजोगी होते, बाभूळ आणि निलगिरी तीन महिने घेतात.

तपासायची साधी रीत आहे. ओळीच्या वेगवेगळ्या जागचे आठ-दहा तुकडे निवडा, त्यांवर रंगाने क्रमांक टाका आणि दर रविवारी काट्यावर ठेवून वजन वहीत लिहा. पहिले काही आठवडे वजन झपाट्याने उतरेल, मग उतार मंदावेल. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन हललं नाही, की त्या हवेत ते लाकूड जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. हाताला कळणाऱ्या खुणाही आहेत. तोंडावर गाभ्यापासून सालीकडे भेगा जातात, साल सुटते, दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर ओल्याचा थप असा बद्द आवाज येतो आणि वाळलेल्याचा टणटणीत.

याच्या जोडीला दोन खिळ्यांचा मॉइश्चर मीटर घ्या, हजार-दोन हजारांत मिळतो. मीटर बाहेरच्या अंगाला टोचून काहीच कळत नाही. तुकडा मधोमध फोडा आणि ताज्या फुटलेल्या बाजूवर टोचा. मीटर पाणी मोजतो ते नुसत्या कोरड्या लाकडाच्या मानाने. एकूण वजनात पाचवा हिस्सा पाणी असेल तर तो २० नव्हे, २५ दाखवतो. आणि ३० च्या वरचे आकडे फारसे भरवशाचे नसतात, तिथे फक्त ओलं आहे एवढंच समजायचं. विकायला काढताना आतल्या बाजूला २० किंवा त्याखाली असा नियम स्वतःला घालून घ्या. दर खेपेला गिऱ्हाइकासमोर एक तुकडा फोडून मीटर लावून दाखवा. ढाबेवाला तोंडी भरवशावर परत येणार नाही, पण हा आकडा बघून येईल.

आता वजनाचा प्रश्न. तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे आणि याच्यावरच बरेच जण फसतात. ताज्या लाकडात जातीप्रमाणे एकूण वजनाच्या ३५ ते ५५ टक्के पाणी असतं. भराभर वाढणाऱ्या हलक्या झाडांत जास्त, बाभळीसारख्या जड लाकडात कमी. निम्मं पाणी असलेलं एक टन लाकूड घ्या. त्यात खरं लाकूड ५०० किलो. पाणी पाचव्या हिश्श्यावर आणलं की वजन भरतं ६२५ किलो. म्हणजे मेहनत करून, जागा अडवून, तीन महिने थांबून तुमच्या काट्यावरून पावणेचारशे किलो नाहीसे झाले. वखारवाले वाळवत का नाहीत, याचं उत्तर इथे आहे. जो किलोवर विकतो त्याला वाळवणं म्हणजे उघड नुकसान वाटतं.

आता हेच गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. पूर्ण कोरड्या लाकडाच्या किलोत ढोबळमानाने ४,५०० किलोकॅलरी उष्णता असते. निम्मं पाणी असलेल्या एका किलोत लाकूडच अर्धा किलो, आणि त्यातलीही थोडी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. हातात उरतात जेमतेम १,९५० किलोकॅलरी. पाचवा हिस्सा पाणी असलेल्या किलोत उरतात ३,४८० च्या आसपास. म्हणजे वाळलेला एक किलो ओल्याच्या पावणेदोन पटीहून थोडं जास्तच काम करतो.

समजा, ओलं लाकूड तीन रुपये किलोने जातं. टनाचे तीन हजार. तेच वाळवून ६२५ किलोंतून तीन हजार काढायचे तर दर चार रुपये ऐंशी पैसे लावावा लागतो, तेही नुसतं बरोबरीत सुटायला. गिऱ्हाइकाला नुसत्या उष्णतेच्या हिशेबाने तो दर सुमारे सव्वापाच रुपयांपर्यंत परवडतो. मधल्या पन्नासेक पैशांत तुमची फोडाई, रचाई, छप्पर आणि अडकलेले पैसे बसवायचे. बसणार नाहीत. हे लपवून कुणी तुम्हाला वाळवा आणि दुप्पट कमवा असं सांगत असेल तर त्याने हिशेब मांडलेला नाही.

मग मी तुम्हाला हा धंदा करा का म्हणते? एक तर ओल्या लाकडाची चूल वरच्या गणितापेक्षा वाईट चालते. ते नीट पेट घेत नाही, न जळलेला वायू धूर होऊन जातो, भांड्याला काजळी धरते, फुंकायला माणूस अडकतो. त्यामुळे ढाबेवाला सव्वापाचांवर थांबत नाही, सहा रुपयेही देईल. दुसरं, तुमचं लाकूड विकत घेतलेलं नाही. ते उचलण्याची मजुरी छाटणीच्या कामात धरलेली असते, किंवा असायला हवी. पुढच्या दरपत्रकात लाकूड उचलून नेण्याचा आकार वेगळा लिहा. आणि तिसरं, सगळ्यात मोठं: पैसा नुसत्या वाळवण्यात नाही. मापाने कापलेलं, बारीक फोडलेलं, सांगितल्या दिवशी दारात उतरवलेलं जळण, यात तो आहे. कुऱ्हाड धरणारी माणसं घराघरांतून कमी झाली आहेत, बंब मात्र तिथेच आहेत.

बंबफोडीकडे म्हणूनच आधी लक्ष द्या. सातारा, कराड, कोल्हापूर या पट्ट्यात अजून कितीतरी घरांत तांब्याचा बंब पेटतो. त्या घरांत साठीच्या पुढचे लोक असतात, त्यांना फोडलेलं लाकूड हवं असतं आणि ते फोडणारं कुणी घरात नसतं. वीस-वीस किलोची पोती भरा, पोत्यावर वजन आणि फोडल्याचा महिना लिहा. पोतं दारात उतरवून द्या. यात किलोमागे ढाब्यापेक्षा बराच चांगला दर मिळतो, कारण गिऱ्हाईक पोत्याचा हिशेब करतं, टनाचा नव्हे. एक विनंती आहे. पोतं देताना बंब कुठे ठेवला आहे हे विचारत जा. बंद न्हाणीघरात पेटता बंब ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आंघोळीला गेलेला माणूस तिथेच कोसळतो. बंब अंगणात नाहीतर उघड्या जागी ठेवा एवढं सांगायला तुमचं अर्धं मिनिट जाईल.

दुसरं गिऱ्हाईक आचारी. तुळशीच्या लग्नानंतर कार्यं सुरू होतात ती उन्हाळा संपेपर्यंत. मंगल कार्यालयांचे आचारी ओल्या लाकडाला वैतागलेले असतात, कारण पंगतीची वेळ चुकवता येत नाही. त्यांच्याशी कार्यामागे ठराविक किलो असा ठराव करा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हळद शिजवणाऱ्यांनाही जळण लागतं, चौकशी करून ठेवा. खेड्यातल्या साध्या चुलीच्या मागे मात्र लागू नका. ते लोक जळण बांधावरून गोळा करतात, विकत घेत नाहीत, आणि त्यांच्याकडून पैसे घेण्याचा विचारही करू नये. तुमच्याकडचा बारीक फाटा त्यांना नेऊ द्या. सुबाभळीचा, बाभळीचा पाला शेळ्या-मेंढ्यांना जाऊ द्या.

पुण्या-मुंबईच्या बेकऱ्यांवर नजर असेल तर ती काढून घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हवेच्या प्रदूषणाच्या याचिकेवर आदेश देताना शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. मोठ्या शहरांचा कल तिकडेच आहे आणि तो बरोबरही आहे. दाट वस्तीत लाकूड जाळणं लोकांच्या फुप्फुसांना परवडत नाही. तुमचा धंदा लहान गावांचा आणि हायवेचा राहू द्या.

एक गिऱ्हाईक असं आहे ज्याचा उल्लेख कुणी करत नाही. भर पावसाळ्यात गावात मयत झालं की स्मशानात कोरडं लाकूड मिळत नाही. मग ओल्यावर रॉकेल, टायर, काय काय ओतावं लागतं, आणि घरच्यांना ते बघावं लागतं. एका अंत्यविधीला तीनेकशे किलो आणि त्याहून जास्त लाकूड लागतं. तुमच्या आसपासच्या चार-पाच ग्रामपंचायतींना भेटा. पावसाळ्यापुरता कोरडा साठा छपराखाली राखून ठेवतो, मागाल तेव्हा रात्रीही पोहोचवतो, असा लेखी ठराव करून घ्या. दर वाजवी ठेवा आणि हा साठा ढाब्याला कधीही काढून देऊ नका.

तुमच्या कामाची एक मूळ अडचण तुम्हाला जाणवली असेलच. झाडं छाटायची कामं येतात मे-जूनमध्ये, आणि पडलेली झाडं उचलायची कामं वादळ-पावसात. म्हणजे लाकूड नेमकं अशा वेळी येतं जेव्हा ते वाळू शकत नाही. म्हणून आवारात दोन वेगळ्या राशी ठेवा आणि त्या कधी मिसळू देऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आलेलं फोडून उघड्यावर रचा, ते एप्रिल-मेमध्ये पावसाळ्याची बेगमी करणाऱ्यांना विका. जून ते सप्टेंबरमध्ये आलेलंही लगेच फोडा, पण छपराखाली, चारी बाजू उघड्या ठेवून. त्यावर बुरशी येईल, घाबरू नका. ऑक्टोबरच्या उन्हात ते झपाट्याने सुकायला लागतं आणि थंडीत बंबफोडीला तयार होतं. न फोडता ठेवलेलं पावसाळी लाकूड मात्र आतून कुजतं, हलकं होतं आणि जळताना धग देत नाही. पैशाचं गणितही यावरच बसवा: पहिल्या वर्षी तुमचे पैसे सहा-आठ महिने राशीत अडकलेले राहणार. तेवढे दिवस छाटणीच्या मजुरीवर घर चालायला हवं. चालत नसेल तर निम्मं ओलंच विका आणि निम्मं वाळवा.

सगळी लाकडं जळणाची नसतात. बाभूळ राजाच, जड आणि निखारा टिकणारी. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू तर थोडा ओला असतानाही जळतो. निलगिरी, सुबाभूळ चांगली. आंबा मध्यम. गुलमोहर, शेवगा, पांगारा, सावर भरकन जळून राख होतात, ती पेटवणापुरती ठेवा आणि बाभळीच्या पोत्यात मिसळू नका. कण्हेर आणि शेरासारखी चिकाची झाडं कुणाच्याही चुलीत जाऊ देऊ नका, आणि बिब्ब्याला तर हातही जपून लावा, उततो. उंबर, पिंपळ, वड जाळायला पुष्कळ घरांत चालत नाही. त्यांची रास वेगळी ठेवा आणि विचारल्याशिवाय देऊ नका. आणि सरळ, जाड खोड हाती आलं तर चेनसॉ लावण्याआधी थांबा. फणस, शिसव, जुनी बाभूळ, अगदी रेन ट्रीची रुंद खोडंसुद्धा सुतार घेतात, आणि जळणाच्या कितीतरी पट देतात.

साठवलेल्या लाकडाला भुंगा लागतो, पिवळसर पीठ पडायला लागतं. सुबाभूळ आणि बाभळीचं सालीजवळचं पांढरं लाकूड त्याला फार आवडतं. कीटकनाशक फवारू नका, ते धुरातून माणसाच्या छातीत जातं. साल काढा, जुना माल आधी विका, बस. त्याच कारणाने प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या जळणात घालायच्या नाहीत. राशीत नाग-घोणस आणि विंचू बसतात, तेव्हा पहिला तुकडा उचलण्याआधी काठीने ठोकायची आणि जाड हातमोजे घालायचे ही शिस्त तिन्ही माणसांना लावा.

कायद्याकडे येऊ. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, १९६४ मध्ये सोळा प्रकारची झाडं अनुसूचित आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिवळा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. ही खाजगी शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते. ती मालकाच्या नावाने निघते, पण चेनसॉ तुमच्या हातात असते, म्हणून कागद पाहिल्याशिवाय दोर बांधू नका. नगरपालिका-महानगरपालिका हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा आहे. तिथे कोणत्याही जातीचं झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना जास्त कडक नियम. पालिकेचं झाड छाटलं तर लाकूड कुणाचं हे कंत्राटात लिहिलेलं असावं, गृहीत धरू नये.

वाहतुकीसाठी काही जातींना वन खात्याच्या पासातून सूट असते. ती यादी बदलत असते, तेव्हा परिक्षेत्र वन कार्यालयात जाऊन आजची यादी मागून घ्या आणि गाडीत ठेवा. प्रत्येक कामाची एक फाईल करा: मालकाचं पत्र, सातबारा, परवानगीची प्रत, झाड उभं असतानाचा आणि पडल्यावरचा फोटो. वाटेत गाडी अडवली तर फाईल पुढे करता येते, आणि तुमचं लाकूड चोरीचं नाही हे गिऱ्हाइकालाही दाखवता येतं. काट्यावर वैधमापन खात्याचा दरवर्षीचा शिक्का घ्या. पट्टी आरा बसवायचा विचार कधी आला तर थांबा, आरागिरणीला वन खात्याचा परवाना लागतो आणि तो वेगळाच धंदा आहे.

घरच्यांची भीती मला समजते. त्यांना बहुधा लाकूडतोडीच्या नावाची आणि पोलीस-फॉरेस्टच्या फेऱ्यांची धास्ती आहे. त्यांना वाद घालून पटणार नाही. ही फाईल आणि वजनांची वही दाखवा, आणि पहिल्या पोत्याचे पैसे घरात द्या.

राहिलं मशीन. या वर्षी घेऊ नका, कर्ज काढून तर नाहीच. तीन माणसं घण आणि पाचरीने ओलं सुबाभूळ-निलगिरी दिवसाला किती फोडतात ते आधी मोजा, कारण तुम्हाला अजून हेही माहीत नाही की वर्षाला तुमच्या हाती विकण्याजोगं लाकूड किती टन पडतं. वजनाची वही एक पूर्ण वर्ष, एक पावसाळा धरून, भरली की तो आकडा दिसेल. तोवर गरज पडली तर ट्रॅक्टरवर चालणारा फोडणारा कुणाकडे भाड्याने मिळतो का बघा आणि गाठीच्या ओंडक्यांची रास साठवून एकाच दिवशी फोडून घ्या. आत्ता हातात पैसे असतील तर ते छपरात घाला. वीस बाय तीस फुटांचं, पश्चिमेकडून झड येणार नाही इतकी पुढे आलेली पाख असलेलं, बाजू उघड्या ठेवलेलं पत्र्याचं छप्पर. ते मेच्या आत उभं राहायला हवं, आणि ते झालं की त्या धूर होतो म्हणणाऱ्या ढाब्यावर मीटर आणि पन्नास किलो बाभूळ घेऊन जा, त्या खेपेचे पैसे घेऊ नका.